तपकिरीवर तपकिरी

"काही नाही गं, अवधाण आलंय," ताई फोनवर म्हणाली. "पायाला काहीतरी लागलं असेल."

"कुठे लागलंय?"

"तेच तर सापडत नाही. तुझ्या भावजींना भिंग देऊन बसवलं होतं. त्यांना नुसत्या भेगा सापडल्या."

मागून भावजींचा आवाज आला, "भेगा नाहीत, दऱ्या म्हण."

ताई हसली. मग म्हणाली, "उजव्या जांघेत आहे. लहान लिंबाएवढं. दुखत मात्र अजिबात नाही. म्हणजे बरंच ना?"

"उद्या ये, दाखवून टाकू," एवढंच मी म्हटलं.

अवधाण हा आमच्या आईचा शब्द. लहानपणी पायाला खरचटलं, ठेच पिकली, की आई जांघेत बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, आलं बघ अवधाण. तिथली गाठ पायाच्या जखमेवर पहारा करते, जखम चिघळली की सुजते आणि दुखते. पुढे शाळेच्या पुस्तकात 'अवधान' हा शब्द आला तेव्हा मी तो अवधाणच वाचला, आणि अवधान देणे म्हणजे जांघेत गाठ येणे असं वर्गात उभं राहून सांगितलं. ताई अजून त्यावरून चिडवते. काही नीट ऐकलं नाही की म्हणते, "तुला अवधाण नाही."

दुखणारं अवधाण चांगलं. त्याला कारण असतं आणि ते चार दिवसांत जातं. न दुखणाऱ्या गाठीबद्दल आईकडे शब्द नव्हता. माझ्याकडे होता, आणि तो ताईलाही माहीत होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या तळव्यावरून, अंगठ्याच्या मागच्या गादीवरून, एक काळा डाग कापून काढला होता. तो त्वचेचा कर्करोग होता. त्याच वेळी त्याच जांघेतली एक गाठ काढून तपासली होती. ती स्वच्छ निघाली होती. तपासणी आमच्याच प्रयोगशाळेत झाली होती, आणि रंग मी लावला होता.

माझं काम सांगायला सोपं आहे. शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढतात, काप काचपट्टीवर घेतात. तिथून पुढे मी. काही प्रथिनं ठरावीक पेशींतच सापडतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत एक असतं, त्याला आम्ही मेलान-ए म्हणतो. त्याला नेमका शोधून चिकटणारा एक द्रव असतो, आणि तो जिथे चिकटला तिथे रंग उमटवणारा दुसरा. जांघेतल्या गाठीत मेलान-एला काही काम नाही. तिथे ते दिसलं तर त्वचेतली पेशी घर सोडून निघाली आहे असं समजायचं. आणखी एक प्रथिन पेशी दुभंगायच्या तयारीत असली तरच दिसतं. त्यावरून तिला किती घाई आहे ते कळतं. भाची लहान असताना मी तिला हे सांगितलं होतं. तिने विचारलं, "प्रथिनं म्हणजे अंड्यातली ना?" मग थोडा विचार करून म्हणाली, "म्हणजे मावशी, तू रंगारी आहेस." तेव्हापासून त्या घरात मी रंगारी मावशी.

रंग दोन. तपकिरी पक्का, वर्षानुवर्षं टिकणारा. लाल नाजूक. त्याची बाटली उघडली की फार दिवस राहत नाही, आणि मागवल्यावर वेळेवर येईलच असं नाही. म्हणून जवळजवळ सगळं काम तपकिरीत चालतं. अपवाद त्वचेच्या काळ्या गाठींचा. त्या पेशींचा स्वतःचा रंगच तपकिरी असतो. त्यांच्यावर तपकिरी लावणं म्हणजे काळ्या फळ्यावर कोळशाने लिहिणं. शिवाय जांघेच्या गाठीत सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्या त्वचेवरून वाहून आलेला रंग गिळून बसतात. त्या निरुपद्रवी, पण दिसतात तपकिरीच. चोर आणि झाडूवाला एकाच गणवेशात. रंग आधी धुऊन काढायचीही एक रीत आहे, पण तीत कधी कधी शोधायचं प्रथिनही धुतलं जातं. म्हणून लाल वापरायचा. नव्या मुलींना हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवते.

लाल संपला असेल आणि डॉक्टर थांबायला तयार नसतील, तर काम तपकिरीत करायचं आणि फ्रीजच्या दारावरच्या कागदावर नमुन्याचा नंबर लिहायचा. लाल आला की ते नमुने परत रंगवायचे. त्या कागदाच्या वर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे: 'लालमध्ये पुन्हा'. अक्षर माझं आहे. ती यादी मीच सुरू केली.

ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, शेजारी ताई, आणि तिच्या पायाखाली तिचा स्वतंत्र ब्रेक. तळव्यावर डाग दिसला तेव्हा तिने तो ब्रेकचा घट्टा समजला. "वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवलाय," ती म्हणायची, "ठसा उमटणारच." डाग पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, तेव्हा मी तिला ओढत सर्जनकडे नेलं.

भावजींचं म्हणणं होतं की नमुने बाहेर पाठवावेत. त्यांच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीने मोठ्या शहरातली एक प्रयोगशाळा कळली होती, तिथे फक्त त्वचेचीच कामं होत. भावजी मोजमापाची अवजारं तपासतात, तराजू, मापं, प्रवाहमापकं. ते म्हणाले, "आमच्यात नियम आहे. आपल्या मापाची तपासणी आपण करायची नाही."

मला ते लागलं. मी म्हटलं, "माझ्या हातावर विश्वास नसेल तर तसं सांगा."

"विश्वासाचा प्रश्नच नाही गं."

"मग कसला आहे?"

ताई मध्ये पडली. "अहो, पुरे. जगात इतक्या लोकांचे तुकडे हिच्या हाताखालून जातात, माझा गेला तर काय बिघडलं? घरचा डॉक्टर असताना लोक गावभर फिरतात का?"

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं.

"तू त्यांच्यावरची आहेस. तू रंग लावलाच नाहीस तर ते काय बघणार आहेत, कपाळ?"

नमुने आमच्याकडेच आले. मी जिंकले.

ताईची ती गाठ तपासायला आली त्या आठवड्यात लाल संपलेला होता. आठ दिवसांनी येणार होता. आमचे मुख्य डॉक्टर हुशार आहेत, पण त्यांना कशालाच नाही म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत त्यांना मागून चालेलसाहेब म्हणतात. सर्जनचा फोन आला की अहवाल परवा हवाय, साहेब म्हणाले चालेल. मी सांगितलं की लाल नाही. ते म्हणाले, "मग तपकिरीत करा. चालेल."

मी केलं. साहेबांनी पाहिलं. गाठीच्या कडेला काही तपकिरी पेशी होत्या. "सफाईवाल्या आहेत," ते म्हणाले आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. मीही पाहिलं. मलाही सफाईवाल्याच दिसल्या. मला सफाईवाल्याच हव्या होत्या. अहवाल गेला: गाठीत रोग आढळला नाही. ताईने फोनवर ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आठ दिवसांनी लाल आला.

आता, दोन वर्षांनी, ताईच्या नव्या गाठीचा नमुना आला तेव्हा लालची बाटली भरलेली होती. मी पट्ट्या रंगवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची गरजही नव्हती. पट्टी नुसती उजेडाला धरली तरी लाल दिसत होती, कडेपासून कडेपर्यंत. दुभंगणाऱ्या पेशींचं प्रथिन शंभरात चाळीस पेशींत निघालं. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही आज घरी जा."

मी घरी गेले नाही. ताईकडे गेले.

तिला सर्जनने आधीच कल्पना दिली होती. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि भावजी खिडकीपाशी खुर्चीत होते. बोलणं चाललं होतं, म्हणजे ताईचं चाललं होतं.

"दर चार महिन्यांनी तपासणीला या म्हणाले होते की नाही? गेल्या वर्षी यांनी घर बदललं. सामान हलवलं, आणि सामानाबरोबर माझी तारीखही हलवली. चारचे आठ महिने झाले."

"तू पण हो म्हणाली होतीस," भावजी हळूच म्हणाले.

"मी हो म्हटलं कारण तुमचा चेहरा खोक्यासारखा झाला होता. मापं तपासणारा माणूस. जगाची मापं बरोबर, बायकोच्या तारखा चुकीच्या."

एरवी भावजी काहीतरी उलटून बोलले असते. त्या दिवशी त्यांनी फक्त मान हलवली. दोन दिवसांत ते म्हातारे दिसायला लागले होते. दाढी केली नव्हती. त्यांनी मला विचारलं, "त्या तपासणीला वेळेवर गेलो असतो तर सापडलं असतं का गं? चार महिने आधी?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"सांगता येत नाही म्हणजे सापडलं असतं," ताई म्हणाली. "हिची भाषा मला कळते. बरं, ते जाऊ दे. गाठ पहिल्यांदा स्वच्छ होती, एवढं तरी खरं ना? म्हणजे हे सगळं त्यानंतरचंच."

दोघं माझ्याकडे बघत होते. मी "अहवाल तसाच होता" असं म्हटलं. वाक्यात खोटं काही नव्हतं.

आमच्या इमारतीच्या तळघरात जुने ठोकळे ठेवलेले आहेत, लाकडी खणांत, वर्षावार. तिथल्या स्टोअरकीपरला आम्ही काका म्हणतो. निवृत्तीला सहा महिने राहिलेत, आणि एकही ठोकळा हरवल्याशिवाय जायचं हा त्यांचा ध्यास आहे. चिठ्ठीशिवाय ते स्वतःच्या आईलाही काही देणार नाहीत. मी चिठ्ठी लिहिली. 'कारण' या रकान्यात 'गुणवत्ता तपासणी' लिहिलं.

काकांनी चष्मा वर करून वाचलं. "कोणाची गुणवत्ता?"

"आपलीच."

"मग परत कधी येणार? गुणवत्ता गेली की परत येत नाही म्हणतात." ते स्वतःच हसले आणि खण ओढून मोजत गेले. ठोकळा लगेच सापडला. पिवळसर मेण, मध्ये डाळिंबाच्या दाण्याएवढा तुकडा, कडेला नंबर. अक्षर माझं.

मी दोन काप काढले. एकावर मेलान-एचा द्रव घातला, दुसऱ्यावर मुद्दाम घातला नाही. म्हणजे दुसऱ्यावर जो दिसेल तो फक्त पेशींचा स्वतःचा रंग. मग लाल. सगळं मिळून तीन-साडेतीन तास लागतात. त्या वेळात मी दुसऱ्यांच्या बावीस पट्ट्या केल्या. हात थरथरत नव्हते, आणि ते मला आवडलं नाही.

द्रव न घातलेल्या पट्टीवर नुसत्या तपकिरी पेशी होत्या. दुसऱ्या पट्टीवर त्याच कडेला, गाठीच्या आवरणाच्या लगेच आत, तपकिरीत मिसळून लाल पेशी होत्या. अकरा. मी खाली उतरले, पाणी प्यायले, परत वर आले आणि पुन्हा मोजल्या. अकरा. मग दोन वर्षांपूर्वीची तपकिरी पट्टी शोधून शेजारी ठेवली. तीच कड, आवरणाची तीच घडी, तिथेच तो तपकिरी पुंजका. तेव्हा आम्ही दोघांनी त्याच जागेकडे बघून त्यांना झाडूवाले म्हटलं होतं. काही होतेही. अकरा जण त्यांच्यात मिसळून उभे होते.

साहेबांच्या खोलीत मी तिन्ही पट्ट्या ठेवल्या. त्यांनी आधी पट्ट्या पाहिल्या नाहीत, चिठ्ठी पाहिली.

"कोणी सांगितलं होतं काढायला?"

"कोणी नाही."

त्यांनी पाहिलं. सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता म्हणाले, "नवा काप आहे. थोडा खालचा. तेव्हाच्या कापात हे नसणार."

"तेव्हाची पट्टी तिसरी आहे, सर. जागा तीच आहे."

तिसरी पट्टी त्यांनी लावली, काढली, परत लावली. बाहेर अपकेंद्री यंत्र फिरून थांबलं. "मागून बघितलं की सगळेच शहाणे," ते म्हणाले. "अकरा पेशी. बरं, तेव्हा कळलं असतं तर काय?"

"वर्षभर औषध दिलं असतं. रोग परतू नये म्हणून देतात ते."

"त्याने परतला नसताच असं आहे का?"

"नाही. पण ते घेतलेल्यांत कमी जणांचा परततो."

"आता तिला जे औषध द्यायचं, त्यात या पट्टीने काही फरक पडतो?"

"नाही."

"मग?" त्यांनी पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि माझ्याकडे सरकवल्या. आवाज मऊ केला. "बाई, घरची गोष्ट आहे म्हणून सांगतो. तिला हे सांगून तिच्या पदरात काय पडणार आहे? आजारी माणसाला अजून एक आजार. झालं ते झालं."

मी उठले नाही. त्यांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "आणि लाल आल्यावर पुन्हा करायची यादी कोण ठेवतं?"

"मी."

"तिच्यात हा नंबर होता?"

हे मला कोणी विचारेल असं मला दोन वर्षं वाटत होतं. विचारणारा हा असेल असं वाटलं नव्हतं. त्या आठवड्यात तपकिरीत केलेले चार नमुने होते. तीन मी यादीत लिहिले. चौथा लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. विसरले नाही. यादीत नंबर लिहिणं म्हणजे शंका आहे असं म्हणणं, आणि अहवाल चांगला होता, ताईने तो तीनदा ऐकला होता. शंका लिहिली असती तर आठ दिवस मला ती घेऊन तिच्यासमोर बसावं लागलं असतं. लाल आला तेव्हा ते तीन नमुने मी रंगवले. तिन्ही स्वच्छ निघाले. त्याचाही मला आधार वाटला होता, जणू त्या तिघांनी चौथ्याची साक्ष दिली.

"नव्हता," मी म्हटलं.

"मग बघा," साहेब म्हणाले. "चूक कुठल्या टेबलावर आहे ते ठरवायला बसलो तर बराच वेळ जाईल. सुधारित अहवाल काढायचा असेल तर तुम्ही लेखी द्या, मी सही करतो. नाही दिलंत तरी चालेल."

मी लेखी दिलं. ते धैर्य नव्हतं. खिडकीपाशी बसलेले, दाढी न केलेले भावजी मला दिसत होते. चार महिने त्यांनी हलवले होते, आणि ताई रोज त्यांना त्या चार महिन्यांनी मारत होती. मी चोवीस हलवले होते आणि तिच्या पलंगावर बसून पेरू कापत होते.

रविवारी सकाळी मी गेले. भाची क्लासला गेली होती. ताईची नवी औषधं सुरू व्हायची होती आणि ती त्यांची माहिती मोठ्याने वाचत होती. "अंगाला खाज, थकवा, तोंडाला चव नसणे. हे तर मला लग्नापासून आहे."

भावजी हसले नाहीत. मी बॅगेतून सुधारित अहवाल काढला, पण दिला नाही. आधी सांगितलं. सगळं क्रमाने सांगितलं: लाल संपला होता, तपकिरीत केलं, यादी, तीन नंबर, पेन उचललं. मग अकरा पेशी. मी पट्ट्यांबद्दल जसं बोलते तसंच बोलत होते आणि ते मला ऐकू येत होतं.

भावजी एकदम उभे राहिले, मग कशासाठी उभे राहिलो ते न कळल्यासारखे परत बसले.

ताईने गोळ्यांची माहितीपत्रिका घडी घालून डब्याखाली ठेवली. "म्हणजे तेव्हाच होतं."

"हो."

"स्वच्छ नव्हती."

"नव्हती."

"तू पेन टेकवलंस आणि उचललंस."

"हो."

"मला वाटलं होतं तू म्हणशील, विसरले." तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण डोळे शिकाऊ माणसाशी बोलताना असतात तसे, पुढे रस्त्याकडे. "विसरणं मी समजले असते. मी पण विसरते. वळताना दिवा द्यायला विसरते, पट्टा लावायला विसरते. तू विसरली नाहीस. तू माझ्यावर दया केलीस."

मी हातातल्या अहवालाची घडी घातली.

"आणि आता का सांगितलंस? औषध बदलणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"भावजींच्या डोक्यावर होतं ते," मी म्हटलं. "ते त्यांचं नव्हतं."

"हं." ती भावजींकडे वळली. "ऐकलंत? तुम्ही सुटलात." मग पुन्हा माझ्याकडे. "यांच्याशी मी रोज भांडत होते, कारण यांच्याशी भांडता येतं. यांना त्याची सवय आहे, मलाही. त्यातून काही तुटत नाही. ते तुला कळलं नाही का? तुला हलकं व्हायचं होतं, तू झालीस. दोन वर्षं मी कोणाला काय सांगत फिरले माहितेय? माझी बहीण स्वतः बघते, म्हणून मी निर्धास्त. त्या दोन वर्षांत मी खरंच निर्धास्त होते. लेकीच्या बारावीला नाचले मी, या पायाने. तेवढी दोन वर्षं तरी माझी होती. ती पण आज घेऊन गेलीस."

"ताई—"

"तुला लहानपणापासून अवधाण नाही," ती म्हणाली. या वेळी ती चिडवत नव्हती. तिने पाय पलंगावर ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

भावजी दारापर्यंत आले. मी त्यांना अहवाल दिला. मला वाटलं होतं, ते म्हणतील, मी सांगितलं होतं. बाहेर पाठवा म्हणून सांगितलं होतं. त्यांना पूर्ण हक्क होता. ते म्हणाले, "जिन्यातला दिवा गेलाय. सांभाळून उतर." आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर तीन आठवडे फोन नाही. भाचीचा एक निरोप आला: औषध सुरू झालंय, आई ठीक आहे. 'रंगारी मावशी' लिहिलेलं नव्हतं, नुसतं 'मावशी'.

चौथ्या आठवड्यात भावजी प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी आले. जुने आणि नवे सगळे ठोकळे मोठ्या शहरातल्या त्या प्रयोगशाळेत न्यायचे होते. सर्जनची सही असलेला अर्ज त्यांनी काचेखालून आत सरकवला. देण्याघेण्याच्या वहीत त्यांनी लिहिलं: नेणारा, पती. देणारा या रकान्यात मी सही केली. ठोकळे मी एकेक करून कागदात गुंडाळले, डब्यात कापूस घातला आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. पाच ठोकळे. त्यांनी ते मोजले, आणि डबा उजेडात तिरका धरून वरचा नंबर अर्जावरच्या नंबराशी ताडून पाहिला. त्यांच्या कामाची सवय असावी. नसेलही.

"गाडीत उन्हात ठेवू नका," मी म्हटलं. "मेण मऊ होतं."

"चालेल." त्यांनी डबा खाली ठेवला. "बाहेर पाठवायचं तिनेच ठरवलं. मी काही बोललो नव्हतो."

"बरोबर आहे तिचं."

"तिने एक विचारायला सांगितलंय." ते खाली डब्याकडे बघत बोलले, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसे. "त्या अकरा पेशी तू किती वेळा मोजल्यास?"

"चार वेळा."

"आणि दोन वर्षांपूर्वी?"

माझ्यामागे नवी मुलगी फ्रीजचं दार उघडून उभी होती. दारावरचा कागद नवा आहे. वरचं ठळक अक्षर आता तिचं आहे.

"एकदाही नाही," मी म्हटलं.

"तेच सांगतो," भावजी म्हणाले. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला आणि सावलीच्या बाजूने गेले.